जावयानं आवळलेला बोल्ट

आमच्या रोहण्याच्या घरात जावयाच्या हातून चूक होत नाही. म्हणजे होते, पण तसं म्हणायचं नाही. त्यामुळे धाकटी बहीण रुसून माहेरी आली, तेव्हा चूक कोणाची हे बाबांनी न विचारताच ठरवून टाकलं. तिचं म्हणणं एवढंच होतं, की नवऱ्यानं तिची शिलाई मशीन दुरुस्त करायला घेतली, पार बिघडवली आणि घरभर सांगितलं की हिनंच बिघडवली. त्या मशीनवर ती अख्ख्या गल्लीचे ब्लाऊज शिवायची. सासरी तिच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवला नाही आणि माहेरी आम्ही तरी कुठं ठेवला? "मशीनसाठी कोणी घर सोडते काय?" बाबा म्हणाले आणि त्यांनीच जावयाला फोन लावला, की घेऊन जा.

जावईबापू आले. पाटोडीचा रस्सा झाला, दुपारची झोप झाली. उठल्यावर करायला काहीच उरलं नाही, म्हणून त्यांची कृपादृष्टी माझ्या मोटरसायकलवर पडली.

"ऑइल बदललं नाई वाटते. बाहेर काऊन पैसे घालता? मी आहो ना!"

मी नको म्हणणारच होतो. पण बाबांनी असे डोळे वटारले, की मी मुकाट्यानं पाना आणून दिला.

जुनं ऑइल निघालं. नवं भरायच्या आधी इंजिनच्या बुडाचा बोल्ट परत लावायचा होता. बोल्ट लोखंडाचा, बूड ॲल्युमिनियमचं, तिथं बेतानं आवळायचं असतं हे शेंबडं पोरही सांगेल. साहेबांचं मात्र समाधान होईना. शेवटी त्यांनी पान्याच्या दांड्याला एक पाइप अडकवला आणि सासुरवाडीचं सगळं जेवण त्यावर टाकलं. कट्ट आवाज झाला. त्यानंतर बोल्ट काय छान फिरायला लागला, वा! आतले आटे साफ गेले होते. नवं ऑइल वरून ओतलं की खालून हजर.

"थोडंसंच गळते," बाबा म्हणाले.

"बसन हळूहळू," आई म्हणाली. जणू नवी सूनच घरात आली होती. मी नुसता दात-ओठ खात उभा.

दुसऱ्या दिवशी भाजीच्या टेम्पोत गाडी टाकून आर्वीला मिस्त्रीकडे नेली. बहीण आणि जावई तिथूनच एसटी धरणार होते, म्हणून तीही बॅग घेऊन सोबत आली. बाबा आले जावयाला निरोप द्यायला. मिस्त्रीनं बोल्ट नुसत्या बोटांनी बाहेर काढला. त्याला गुंडाळलेला ॲल्युमिनियमचा चुरा आम्हाला दाखवला आणि ओरडला, "कोण्या बैलानं आवळला बे हा?"

जावई समोरच्या रसवंतीकडे पाहत होते.

"मीच आवळला," बाबा म्हणाले. ज्यांनी जन्मात पाना हातात धरला नाही, ते बाबा! मला वाटलं, आता तरी हा माणूस बोलेल. आणि तो बोलला की.

"मामाजीले जरा जास्तच आवळायची सवय आहे," जावई हसून म्हणाले. धन्य झालो.

मिस्त्री कामाला लागला आणि त्याचं तोंडही. भोक थोडं मोठं केलं, चुरा आत पडू नये म्हणून आटे पाडायच्या हत्याराला, टॅपला, ग्रीस थापलं, हळूहळू फिरवत नवे आटे पाडले. आत स्टीलची बारीक स्प्रिंग बसवली, म्हणजे तोच बोल्ट पुन्हा चालेल. मधूनमधून बाबांना झाडणं सुरूच होतं. म्हातारे झाले पण अक्कल नाही, गाडी म्हणजे काय बैलगाडी वाटली का, वगैरे. बाबा मान खाली घालून ऐकत होते. माझा संताप संताप होत होता.

तेवढ्यात बहीण बोलली, अगदी साध्या आवाजात.

"बाबा, माही मशीन बी तुम्हीच बिघडवली होती काय?"

जावयाचं हसू थांबलं. बाबांनी मान वर केली. मग त्यांनी तिच्या हातातली बॅग घेतली आणि स्वतः नेऊन रोहण्याला परतणाऱ्या टेम्पोत ठेवली.

"जावईबापू," ते परत येऊन म्हणाले, "पह्यले मशीन दुरुस्त करा. कोणाच्या हातानं बिघडली, ते तुमच्या घरी सांगा. मंग पोरीले न्याले येजा."