वरच्या कडेची खळ

गेनूभाऊ दफ्तरी कायद्याचं पुस्तक हुंगून त्यातलं कलम ताजं की शिळं ते सांगत. पारनेरच्या कचेरीत दुरुस्तीच्या छापील चिठ्ठ्या पुस्तकांत डकवायचं काम त्यांच्याकडे होतं आणि ज्वारीच्या पिठाची खळ ते घरून शिजवून आणत. खळ आंबली नसेल तर कलम या आठवड्यातलं.

लढाईच्या दिवसांत बिनतारी यंत्रांचा नवा कायदा आला. त्याच्या मागोमाग चिठ्ठ्यांचं पुडकं. तारेच्या कायद्यात हे शब्द गाळावेत, पोस्टाच्या कायद्यात ही ओळ घालावी, अमक्या कलमाऐवजी तमकं वाचावं. मी कारकून. जागा मी दाखवायची, चिठ्ठी त्यांनी डकवायची.

"नवी सून आली अन् समद्या घराची भांडी हलवाय लागली," गेनूभाऊ म्हणाले.

त्यांची एक खोड होती. खळ ते फक्त चिठ्ठीच्या वरच्या कडेला लावत. वारा सुटला की पुस्तकं फडफडत आणि मॅजिस्ट्रेटसाहेब वैतागत. "पक्कं चिकटवा," असं त्यांनी बजावलं की हे "व्हय साहेब" म्हणत आणि पुन्हा तेच करत. मला मात्र हळूच सांगत, "जुनं कलम मेलं न्हाई, निजलंय. उठवायची येळ आली तर?" मला हा निव्वळ आळस वाटे. एकदा मीच भरपूर खळ थापून चिठ्ठी डकवली, तर शेजारचं पानही तिला चिकटून बसलं.

मग मिशनच्या शाळेतले योहान मास्तर आरोपी म्हणून उभे राहिले. परवाना संपलेला रेडिओ त्यांच्या घरी सापडला होता. साहेबांनी चिठ्ठी वाचली. शिक्षा कैदेची होती, म्हणजे मास्तरांची नोकरीही गेलीच.

पुस्तक ठेवायला आलेले गेनूभाऊ तिथेच घुटमळले.

"साहेब, ह्यो कायदा होळीपासनं लागू. रेडिव संक्रांतीला धरलाय," असं म्हणत त्यांनी नखानं चिठ्ठी उचलली. खालच्या कलमात नुसता दंड होता.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मास्तर दंड भरून घरी गेले. मला माझीच लाज वाटली. साहेब म्हणाले, "तरी पक्कं चिकटवत चला."

"व्हय साहेब."

गेनूभाऊ निवृत्त झाले. नवा दफ्तरी काही नेमला गेला नाही, चिठ्ठ्या माझ्याच गळ्यात आल्या. जाताना कामाच्या तक्त्यावर स्वतःच्या नावावर माझ्या नावाची चिठ्ठी त्यांनीच डकवली होती. ते वारल्याचा निरोप आला, त्या दुपारी मला दुसरं काही सुचेना. तक्त्यापाशी गेलो आणि माझं नाव नखानं उचललं.

खाली त्यांचं नाव होतं, आणि त्याखाली पेन्सिलीनं लिहिलेलं: "खळ लई लावू नका."