केळीच्या पानातलं कार्ड

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे तिथे शिकलेलं काहीही घरी आणून दाखवावंसं वाटायचं आणि दाखवायची लाजही वाटायची. हाताने कार्डं करणं हे त्यातलंच एक.

ते मला वर्गातल्या एका मैत्रिणीने शिकवलं. ती राजोडीकडची. तिचे वडील आखातात नोकरीला होते. सुट्टीवर येताना त्यांनी तिला रबरी शिक्के, कागद कापायचे धातूचे साचे आणि वॉटरकलर पेन्सिली आणल्या होत्या. साच्यांना ती डाय म्हणायची. नाताळच्या आधी आम्ही तिच्या ओट्यावर कार्डं करत बसायचो. शिक्का उठवायचा, आत पेन्सिलीने रंग भरायचा, मग ओल्या ब्रशचं नुसतं टोक फिरवायचं. रेघा विरघळून जलरंगासारख्या पसरायच्या. तो कागद दुसऱ्यावर चिकटवायचा, दुसरा तिसऱ्यावर, मधे फोमचे तुकडे. माझा ब्रश नेहमी जास्त भिजायचा.

"अगं, कार्ड रंगवतेयस की झाड शिंपतेयस?" ती हसायची. आमची फुलांची वाडी आहे हे तिला माहीत होतं.

परीक्षा संपता संपता ताईला मुलगी झाली. ताईने दीड वर्षापूर्वी घरी न सांगता लग्न केलं होतं आणि ती विरारला राहत होती. आई आणि मी अधूनमधून जायचो. बाबा कधीच गेले नव्हते. ते तिचं नावही काढत नसत.

मी बाळासाठी कार्ड केलं. खाली जाड पिवळट कागद, त्यावर हिरवा, वर डायने कापलेली गोल खिडकी आणि खिडकीत एक फांदी. शिक्क्यातली फांदी कुठल्या झाडाची होती कोण जाणे, फुलं मात्र मी सोनचाफ्याची काढली. आत काय लिहायचं तिथे अडले.

"बाबांचं नाव घालू?" मी आईला विचारलं.

"मला काय विचारतेस? त्यांना विचार."

"तूच विचार ना."

"वा! कॉलेजात तू जातेस आणि विचारू मी?"

शेवटी कोणीच विचारलं नाही. मी 'आजी आणि मावशी' एवढंच लिहिलं आणि कार्ड पडवीत वाळत ठेवलं. संध्याकाळी बाबांनी ते उचलून पाहिलं.

"तिकडे न्यायचंय?"

मी मान डोलावली. त्यांनी ते होतं तसं ठेवून दिलं.

सकाळी ताईसाठी चाफ्याची पुडी बांधून तयार होती. "कार्ड आतच आहे, रस्त्यात सोडू नकोस," आई म्हणाली.

चाफा कोमेजू नये म्हणून आम्ही तो ओल्या केळीच्या पानात बांधतो. विरारला ताईने पुडी सोडली तर कार्डही तसंच होतं, फुलांच्या मधोमध, वर चांगलं पाणी शिंपडलेलं. पिवळा रंग हिरव्यात उतरला होता. खिडकी फुगून सुटली होती. मला रडूच आलं.

"आईला एवढंही कळू नये?"

"हे आईने नाही बांधलं." ताईच्या हातात पुडीला बांधलेली केळीच्या सोपटाची दोरी होती. "आईची गाठ ओढली की सुटते. ही मला दातांनी सोडवावी लागली."

लग्नाआधी पहाटे बाबांबरोबर पुड्या बांधायला तीच बसायची. तिने ती दोरी बोटाभोवती गुंडाळली. मग म्हणाली, "काही म्हणाले?"

"नाही गं."

मी घरी आले तेव्हा बाबा झाडांना पाणी लावत होते.

"फुलं टवटवीत होती?"

"हो."

"आणि ते तुझं?"

काय सांगावं कळेना. "तेही... ओलंच होतं."

"मग बरं." त्यांनी फावड्याने पाणी पुढच्या आळ्यात वळवलं.  मग म्हणाले, "पोर कोणावर गेलीय?"

मागच्या दारी आईचं भांडी घासणं थांबलं. "जाऊन बघा की," ती म्हणाली.

 पुढच्या रविवारी बाबा इस्त्रीचा सदरा घालून पडवीत उभे राहिले आणि मला म्हणाले, तूही चल. त्यांना ताईची इमारत ठाऊक नव्हती.