येतो म्हणताना

आजऱ्याच्या मित्रानं दिलेले टरफलासकट काजू काल घरी भाजले. करपलेल्या टरफलांचा तो उग्र वास नाकात गेला आणि मला नव्वदच्या दशकातलं कोल्हापूरचं एसटी स्टँड आठवलं.

कॉलेजच्या प्रकल्पासाठी तेव्हा मी रस्त्यावर राहणाऱ्या माणसांच्या कहाण्या वहीत उतरवून घेत होतो. स्टँडच्या भिंतीला टेकून एक म्हातारी बसायची. काजू फोडून फोडून तिची बोटं कायमची काळी पडलेली.

"बसा की पावणं," म्हणत तिनं स्वतःखालचं पोतं माझ्याकडं सरकवलं आणि आपण फरशीवर बसली.

आजऱ्याहून तिला लेकानं आणलं होतं. "हितं बस आये, तिकीट काढून येतो म्हनला," ती सांगत होती. त्याला तीन दिवाळ्या झाल्या होत्या. पाऊस आत आला तरी ती जागा सोडत नसे. "त्यो आला आन् मी घावलो न्हाय तर?"

मी सगळं लिहून घेतलं. कहाणी चांगली मिळाली म्हणून, खरं सांगायचं तर, खूश होतो. वही मिटली आणि निघताना सगळेच म्हणतात तसं म्हणालो, "येतो मावशी."

तिनं मान वर करून माझा चेहरा नीट बघून घेतला.

"या की. मी हितंच हाय."

प्रकल्पाला गुण बरे मिळाले. मी परत गेलो नाही.

आता घरातून मी न बोलताच बाहेर पडतो. बायको दारातून विचारते, "अहो, नुसतं येतो म्हणायला काय होतं तुम्हाला?"