आरिफच्या अल्बमचा शेवट अर्धवट नाही

आज दिवसभर मी एका अल्बमला घाबरून होते.

संध्याकाळी तो आला. आता मी कमेंट्सना घाबरतेय.

आरिफला जाऊन आज वर्ष झालं. डेंग्यू, प्लेटलेट्ससाठी धावपळ, आणि मग धावायला काही उरलं नाही.

त्याच्या लॅपटॉपवर हा इलेक्ट्रॉनिक अल्बम जवळपास तयार होता. जवळपास. हा शब्द वर्षभर माझ्या मानगुटीवर बसलाय, कारण राहिलेलं मिक्सिंग मी केलं. कॉलेजपासून तो ट्रॅक बनवायचा आणि मी ऐकून नाक मुरडायचे. माझी पात्रता एवढीच.

तो होता तेव्हा त्याचे फॅन्स म्हणजे मी, त्याचा मावसभाऊ आणि पुण्यातली चार टाळकी. तो गेल्यावर त्याच्या फॅन्सचा ग्रुप फुगला. अल्बमचं काउंटडाउन सुरू झालं.

"लास्ट ट्रॅकमध्ये मेसेज असणार."

"त्याला कळलं होतं, ब्रो."

अरे, काय कळलं होतं? त्याला साधी सर्दी झालीय असं वाटत होतं.

या मंडळींचं दडपण होतंच. पण खरी भीती अब्बांची होती.

अब्बा म्हणजे आरिफचे वडील. चिकलठाणा ते सिडको शेअर रिक्षा चालवतात. आरिफचा नियम होता, अब्बांच्या रिक्षात वाजल्याशिवाय ट्रॅक बाहेर जाणार नाही. तोही सीटा भरलेल्या असताना. कुणी "आवाज कमी करा हो" म्हणालं की ट्रॅक नापास. कुणी ऐकता ऐकता उतरायचं विसरलं की पास.

हेडफोनवर सगळंच भारी वाटतं, म्हणायचा.

तो गेला आणि अब्बांनी स्पीकरची वायर काढून टाकली.

आणि शेवटच्या ट्रॅकमध्ये तर अब्बांचाच आवाज आहे. आरिफनं एकदा त्यांच्या शेजारी बसून मोबाइलवर गुपचूप रेकॉर्ड केलेला. त्यांना पत्ताही नव्हता. न विचारता तो जगाला कसा ऐकवायचा? आणि विचारलं, आणि ते नको म्हणाले तर?

आज दुपारी स्टँडवर गेले.

"अब्बा, आरिफचं काम झालंय. टेस्ट बाकी आहे."

ते मागच्या सीटच्या पाठीमागं वाकून वायर जोडायला लागले.

"सवारी भरने दे," म्हणाले. "खाली गाडी में नक्को."

कंपनीतून सुटलेला एकजण बसला. भाजीची पिशवी घेऊन एक मावशी बसल्या. मी त्यांच्या शेजारी. अब्बांच्या बाजूची जागा मोकळीच राहिली. तिथं वर्षभर त्यांनी कुणाला बसवलेलं नाही.

मी थेट शेवटचा ट्रॅक लावला. बाकीचे ऐकवत बसले असते तर माझा धीरच सुटला असता.

आधी सिंथ, मग हळूहळू बेस. आवाज कमी करा असं कुणी म्हणालं नाही. आणि मग आमच्या पाठीमागच्या स्पीकरमधून अब्बांचा आवाज आला, "सिडको, सिडको. मागं सरका मावशी, एक सीट बसती अजून."

माझ्या शेजारच्या मावशी खरंच मागं सरकल्या.

अब्बांनी करकचून ब्रेक मारला. रिक्षा जालना रोडच्या कडेला घेतली. माझा अंगठा मोबाइलवर, बंद करू की नको ते कळेना. तेवढ्यात आरिफ बोलला.

"अब्बा, मैं उतरतूं. इनकू बैठने दो."

"बैठ रे. तू बैठ."

"नै, आतूं ना पीछे से."

मग तो उतरतो. रिक्षा पुढं निघून जाते, तिचा आवाज लांब लांब जातो, आणि आरिफ रस्त्यावर एकटा उभा राहतो. ट्रॅक तिथं संपायचा.

अब्बा समोर बघत होते. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती.

"काय झालं दादा, पंक्चर हाय का?" मावशींनी विचारलं.

"नाय," अब्बा म्हणाले. "पोराचं गाणं हाय माझ्या."

मला रडू फुटलं. म्हटलं, "अब्बा, नको असेल तर काढून टाकते. अल्बमच नको."

"रहने दे. मेरा भी रहने दे, उसका भी." मग म्हणाले, "मैं बैठ बोला ना, वहींच बंद कर. आगे का किसीकू मत सुना."

अल्बम आमच्याच पेजवर टाकायचा होता, त्यामुळं फाइल बदलणं हातात होतं. घरी येऊन "तू बैठ"च्या पुढचा शेवट कापला. आरिफनं केलेलं काम मी कापतेय, ही भीती होतीच.

संध्याकाळी अल्बम लाइव्ह झाला. पहिल्या प्रतिक्रिया छान आल्या. "बेस काय जबरी आहे." "गाडी बाजूला लावून रडलो." मी श्वास सोडला.

मग ते सुरू झालं.

"लास्ट ट्रॅक मध्येच कट होतोय."

"फाइल करप्ट आहे का?"

"फुल व्हर्जन कुणाकडं आहे?"

आणि एकानं लिहिलं, "टेन्शन घेऊ नका, मी एआयनं शेवट बनवून टाकतो." त्याला भराभर लाइक्स पडतायत.

म्हणून ही पोस्ट.

फाइल करप्ट नाही. शेवट तिथंच आहे. कापलेला तुकडा माझ्याकडं आहे आणि मी तो कुणालाही देणार नाही. अब्बांनी मागितला तरी नाही.

ज्याला शेवट बनवायचाय त्या भावाला हात जोडून सांगते, बनवू नकोस. अब्बांनी वायर पुन्हा काढलेली नाही. मला घरी सोडून ते बाहेर थांबले होते; शेवट कापलेला ट्रॅक मी त्यांच्या मोबाइलवर टाकला, आणि जाताना गल्लीच्या तोंडापर्यंत तोच वाजत होता. उद्या एखादी सवारी मोबाइलवर तुझं व्हर्जन लावेल.

आणि त्यात तो उतरला तर?

आरिफ, तुला मनापासून आदरांजली. लई आठवण येते रे.