दुसरा रुमाल

माझी मैत्रीण हुशार आहे हे मला शाळेपासून ठाऊक आहे, आणि शाळेपासूनच ते मला सहन होत नाही. अकोल्यात आमची घरं एकाच गल्लीत. पुढे अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातही दोघी एकाच वर्गात. आता मी लग्न होऊन अमरावतीत असते, ती अकोल्यातच राहिली, आणि दोघीही घरी बसून एकच काम करतो, कर्नेलचं. कर्नेल म्हणजे संगणकाचा गाभा. स्क्रीनवर जे दिसतं त्या सगळ्याच्या खाली राहून कुणाला किती मेमरी द्यायची, ती परत कधी घ्यायची, हे तो बघतो. जगभरातले लोक त्यात दुरुस्त्या पाठवतात आणि घेतल्या गेलेल्या दुरुस्तीखाली पाठवणाऱ्याचं नाव कायमचं राहतं. तिचं नाव तिथं जागोजागी आहे. ही गोष्ट घडली तेव्हा माझं एकाच ठिकाणी होतं.

ते ठिकाण म्हणजे माझा ड्रायव्हर. जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची ओल मोजायचं एक यंत्र असतं, ते वायरनं संगणकाला जोडतात. यंत्र काय म्हणतंय ते संगणकाला समजावून सांगणारा प्रोग्राम मी लिहिला आणि तो कर्नेलमध्ये घेतला गेला. त्या दिवशी मी अख्ख्या घराला गिलावडा खाऊ घातला होता. तिला फोन करून सांगितलं तर ती इतकी खूश झाली की माझा अर्धा आनंद तिथंच गेला.

मागच्या कापसाच्या हंगामात कर्नेलवाल्यांच्या सामाईक मेलवर तक्रार आली. मोजणी चालू असताना वायर उपटली की अख्खा संगणक गार पडतो. आता अकोटच्या जिनिंगमध्ये दारात गाड्यांची रांग लागलेली असताना मोजणी संपायची वाट कोण बघतो? वायर उपटणारच.

चूक समजायला एसटी पुरेशी आहे. कॉलेजात असताना सोमवारी सकाळी अकोल्याहून निघताना आम्ही खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचो. समजा, मूर्तिजापूरला एकजण चहाला उतरला, मागे कुणी त्याचा रुमाल उचलून जागा दुसऱ्याला दिली, आणि हा परत येऊन न बघता सरळ बसला. तो बसणार कुठे, तर त्या दुसऱ्याच्या मांडीवर. माझ्या ड्रायव्हरमध्ये हेच होत होतं. वायर निघाली की मी मेमरी सोडून देत होते, आणि मोजणीचा प्रोग्राम जुनी जागा आपलीच समजून परत येत होता.

या कामात एक रीत आहे. दुरुस्ती पाठवताना ही चूक मुळात कोणाच्या कोणत्या कामामुळे आली, तेही खाली एका ओळीत लिहायचं. म्हणजे माझा ड्रायव्हर जो कोणी दुरुस्त करेल, त्याच्या नावाखाली माझं काम चूक म्हणून नोंदलं जाणार. दुरुस्त करणारी मीच असते तर ते मी गिळलं असतं. ती असेल तर नाही. मेमरी वेळेआधी सोडल्याच्या चुका पकडणं हा तर तिच्या हातचा मळ. ज्यांचे ड्रायव्हर ती दुरुस्त करते ते सगळ्यांसमोर तिचे आभार मानतात. मला तिचे आभार मानायचे नव्हते.

तक्रार आली त्याच दुपारी तिचा फोन.

"पाह्यलं काय वं?"

"पाह्यलं."

"मले सापडलं हाय ते. पण तुयं काम हाय, तूच पाठव. मी थांबते."

थांबते म्हणे! माझं जेवणसुद्धा झालं नव्हतं आणि हिला सापडलंही होतं. "कायले मेहेरबानी करून राहिली?" मी म्हटलं.

ती हसली. "बरं बाप्पा, नाई करत." पण थांबली ती थांबलीच.

मी जिद्दीनं बसले. जो जो प्रोग्राम यंत्र उघडेल, म्हणजे वापरायला घेईल, त्याच्या नावानं एक रुमाल टाकायचा, आणि शेवटचा रुमाल उचलला गेल्याशिवाय मेमरी सोडायची नाही, अशी दुरुस्ती लिहून पाठवली. असल्या ड्रायव्हरच्या दुरुस्त्या तपासून आत घेणारा राखणदार परदेशातला एक गृहस्थ आहे, शब्द मोजून वापरणारा. त्याचं उत्तर आलं, 'एक धरलेली जागा कधीच सुटत नाही. पुन्हा बघा.' कुठली, ते सांगितलं नाही. आता वायर उपटून संगणक पडत नव्हता, पण थोडी थोडी मेमरी अडकून राहत होती. हे जगभरातल्या लोकांनी वाचलं याचं मला काही नाही. तिनं वाचलं असेल, या विचारानं माझा जीव जळत होता.

मी ओळ न् ओळ चाळली, वरण करपवलं, घरच्यांवर खेकसले. तिचा फोन येत नव्हता, म्हणून तिच्यावर आणखी चिडले. शेवटी मीच लावला.

"सांगून टाक आता."

"येकदा मायी बस चुकली होती, आठवते काय? तू दोन रुमाल टाकले होते."

आठवत होतं. तिची जागा मी कुणालाही दिली नव्हती, साऱ्या बसशी भांडले होते. एक म्हातारी बाई बडनेऱ्यापर्यंत उभी राहिली होती.

"मी आलीच नाई," ती म्हणाली, "तरी तू माया रुमाल उचलला नाई."

मला तिथल्या तिथं दिसलं. यंत्र उघडताना मी आधी रुमाल टाकत होते. उघडणंच फसलं तर बसायला कुणी येतच नव्हतं, मग रुमाल उचलणार कोण? एका ओळीची दुरुस्ती. मी ती केली, पुन्हा पाठवली, आणि 'हिनं सुचवलं' अशी तिच्या नावाची ओळही घातली. मोठ्या मनानं नाही. ती घातली नसती तरी तिनं चकार शब्द काढला नसता, आणि ते मला झेपलं नसतं.

तिनं लगेच सगळ्यांसमोर लिहिलं की तपासलं, बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी राखणदाराचं उत्तर आलं. दुरुस्ती घेतली होती. खाली आभार मानले होते. तिचे!

मी तणतणत फोन लावला. "वाचलं काय त्याचं उत्तर?"

"नाई वं. तुयं झालं नं? मंग मी कायले वाचू?" मागे कुकरची शिट्टी झाली. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. संध्याकाळी त्या ओल्या दाण्यांची, सोल्याची भाजी करणार होती, मला यायचा आग्रह करत होती, आणि तो आग्रह खरा होता.

तिच्या हुशारीचा हेवा करत मी एवढी मोठी झाले, त्याची मला सवय आहे. पण त्या दिवशी मला हवं होतं ते तिच्यासारखं, राखणदाराचं उत्तर न उघडता, शेंगा सोलत बसणं. ते कुठून आणायचं मला कळत नव्हतं. येते म्हणाले, फोन ठेवला, आणि तोंडपाठ झालेलं ते उत्तर पुन्हा एकदा उघडलं.