परत पाठवलेला कॅन

डेअरीच्या धक्क्यावर त्यांना सगळे नाकसाहेब म्हणत. साहेब काही ते नव्हते, कागदावर 'दूध तपासनीस' एवढंच. पण सकाळी दुधाच्या गाड्या लागल्या की त्यांच्यावाचून पान हलत नसे. कॅनचं झाकण उचलायचं, नाकाशी धरायचं, एक श्वास घ्यायचा. मान खाली गेली की कॅन आत, आडवी हलली की कॅन परत. सत्तावीस वर्षं हेच काम. प्रयोगशाळेत यंत्र होतं, पण त्याचा निकाल येईपर्यंत दूध मोठ्या टाकीत मिसळून गेलेलं असायचं.

"वहिनींनी भाजी करपवली तर इथूनच कळत असेल," दूध मोजणारा मापाडी म्हणायचा.

"कळतं. पण जेवायचं तिच्याच हातचं, म्हणून बोलत नाही."

मग नाक चोंदायला लागलं. साधी सर्दी म्हणून त्यांनी दुकानातून थेंबांची बाटली आणली. थेंब टाकले की घटकाभर मोकळं वाटे, मग पहिल्यापेक्षा घट्ट. बाटल्यांवर बाटल्या संपल्या. बायको म्हणाली, "अहो, डॉक्टरला दाखवा ना. घोरण्याने भिंत हलते." त्यांनी हसण्यावारी नेलं.

एका सकाळी झाकण उचललं आणि वासच आला नाही. दुसरं उचललं, तेही कोरं. मागे गाड्या खोळंबल्या होत्या. त्यांनी मान खाली केली.

पुढे कित्येक महिने ते डोळ्यांनी काम करत राहिले. झाकणाला गुठळी दिसते का, कोण किती लांबून आलं, कोणाचा चेहरा पडलाय. बोट बुडवून चाखावं तर साऱ्यांच्या नजरेत आलं असतं. देवाची दया, म्हणून मोठा घोटाळा झाला नाही. पण एकदा मॅनेजर जाता जाता थांबला.

"महिना झाला, एकही कॅन परत नाही. सगळे गवळी संत झाले, की तुमचं नाक रजेवर गेलंय?"

लोक हसले. नाकसाहेबही हसले. आता एखादा कॅन परत पाठवणं भाग होतं. मोठ्या गवळ्याचा पाठवला तर तो आरडाओरडा करून यंत्रावर तपासायला लावणार. भांडणार नाही असं माणूस हवं होतं. रांगेच्या शेवटी हातगाडीवर एक कॅन घेऊन एक विधवा बाई उभी होती. तिच्याकडे दोनच गाई. तिचं झाकण त्यांनी नाकाशी धरलं आणि मान आडवी हलवली.

"आंबूस येतोय, बाई. कॅन नीट धूत जा."

बाईचा चेहरा उतरला. चारचौघांत तिला मान वर करवेना. तिने गाडी वळवली. पंधरा दिवसांनी त्यांनी तिचाच कॅन परत पाठवला. महिन्याने पुन्हा. एकदा नाव खराब केलं की दुसऱ्यांदा करायला सोपं जातं. तिसऱ्या खेपेनंतर बाई दिसेनाशी झाली.

"थोरली गाय विकली म्हणे तिने," मापाडी सांगत होता. "कासेत काहीतरी रोग शिरलाय असंच धरून बसली."

त्या रात्री नाकसाहेब आपणहून बायकोला म्हणाले, उद्या डॉक्टरकडे जाऊ. दुसऱ्या दिवशी बायकोबरोबर ते नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून आत पाहिलं. दोन्ही बाजूंनी द्राक्षांसारखे मांसाचे कोंब वाढले होते.

"वास जाऊन किती दिवस झाले?"

"आठ-नऊ महिने," ते म्हणाले. बायको त्यांच्याकडे बघतच राहिली.

"आणि एवढे दिवस थेंब टाकत बसलात?"

ऑपरेशन झालं. श्वास मोकळा झाला, रात्री आडवं पडून झोप लागू लागली. वास मात्र परत आला नाही. येईल असा शब्द डॉक्टरीणबाईंनी दिलाही नव्हता.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी ते त्या विधवा बाईच्या घरी गेले. गोठ्यात एक गाय होती आणि शेजारचा खुंटा मोकळा. बाईने लगबगीने स्टूल पुढे केलं.

"बरं झालं आलात, नाकसाहेब. धाकटीचं आत्ताच काढलंय. बरं असेल तर पुन्हा घालायला लागेन. तुम्हीच सांगा." तिने दुधाचं भांडं त्यांच्या हातात दिलं.

भांडं ऊन होतं. त्यांनी ते तसंच धरून ठेवलं.

"मला वास येत नाही, बाई. तेव्हाही येत नव्हता."

बाईला समजायला वेळ लागला. मग ती उंबऱ्यावर बसली.

"तिन्ही वेळा मी घरी आणून हुंगलं," ती म्हणाली. "मला आंबूस वास काही आला नाही. म्हटलं, यांचं नाक कसं चुकेल, माझंच मेलं असेल. सगळं ओतून दिलं."

"गाय कोणाला दिलीत? मी परत आणतो."

"वाटेने जाणारा व्यापारी होता. कुठे नेतोस, विचारलं नाही. दुखणाईत म्हणून विकायची, वर विचारायचं कुठल्या तोंडाने?"

नाकसाहेबांनी हात जोडले. "माफ करा."

"माफी घेऊन मी काय करू? कॅन नीट धूत जा, हे सगळ्यांसमोर बोललात. तिथेच सांगा काय ते." ती जरा थांबली. "नोकरीचं तुमचं तुम्ही बघा."

सकाळी निघताना त्यांनी देवापुढे हात जोडले. मागितलं काही नाही.

बाई रांगेत शेवटी येऊन उभी होती. नाकसाहेबांनी पहिल्या कॅनला हात लावायच्या आधीच सांगून टाकलं, फार सजवलं नाही. वास गेला होता, मी लपवलं, या बाईंचं दूध चांगलं होतं, मी ते खोटं परत पाठवलं. कोणी हसलं नाही. एक गवळी म्हणाला, "आणि तिच्या गाईचं काय?"

मॅनेजर आत वरच्या साहेबांना फोन करायला गेला. गाड्या खोळंबल्या, तेव्हा मापाडीच पुढे झाला. सवय नसल्याने एकेका झाकणाशी रेंगाळत तो रांग पुढे सरकवू लागला. बाईचा कॅन आला. त्याने दोनदा हुंगलं.

"चांगलं आहे," तो म्हणाला.

बाईने मान हलवली. कॅन निम्माच भरलेला होता. नाकसाहेबांनी तो उचलून काट्यावर ठेवला, आणि आतून हाक आली तसे ते गेले.