बिनलाकडाची ऊब

लाकूड न जाळता घर उबदार ठेवणारा माणूस अख्ख्या मावळात एकच झाला, आणि तो म्हणजे माझे थोरले चुलते, आमचे आबा, असं मी कुणापुढंही छातीठोकपणे सांगेन. सांगणारा मी कोण, तर उत्तरेकडच्या एका थंड डोंगरी गावात, एका साहेबाच्या बंगल्यात शेगड्या पेटवणारा नोकर. खोल्या पाच, शेगड्या पाच, आणि राहणारा माणूस एक. आबांनी हे पाहिलं असतं तर जेवण टाकलं असतं. ते मला पुन्हा भेटतील की नाही, या धास्तीत मी सध्या दिवस काढतो आहे.

आमच्या पासली गावात श्रावणात भिंतींना पाणी सुटतं, आणि पौषात डोंगरावरून असा वारा उतरतो की जनावरंसुद्धा एकमेकांना टेकून उभी राहतात. घरोघर शेकोट्या असत, आमच्याकडे नाही. चूल भाकरीसाठी, शेकण्यासाठी नव्हे, हा आबांचा कायदा. भाकऱ्या झाल्या की चुलती निखारे विझवी आणि तापलेला तवा पोत्यात गुंडाळून ज्याला पडसं असेल त्याच्या पायाशी देई. गोठा आणि माजघर यांच्यामधली भिंत त्यांनी कमरेइतकीच ठेवली होती. दोन म्हशींचा श्वास फुकट का दवडायचा, असं त्यांचं म्हणणं.

पण त्यांचं खरं सरपण म्हणजे माणसं. दिवेलागण झाली की ओट्यावर उभे राहून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला आत ओढत. लोकांना वाटे, म्हातारा गप्पिष्ट आहे. खरं तर गप्पा सुरू झाल्या की ते डुलक्या घेत; त्यांना हवी असत ती फक्त आठ-दहा अंगं. कोण किती उबेचा हे त्यांना तोंडपाठ होतं. विंझरचे मास्तर काडीसारखे. ते आले की, "मास्तर, तुमी मदी बसा, तुमची सावली बी गार हाय," म्हणून त्यांना दोन पैलवानांच्या मध्ये कोंबायचे. एकदा भोरहून जमिनीच्या मोजणीला एक कारकून आले, चांगले भरल्या अंगाचे. चावडीत उतरलेल्या त्या गृहस्थांना आबा रोज संध्याकाळी मानानं घेऊन येत आणि नेमके दाराला पाठ लावून बसवत. दाराच्या फळ्यांत बोटभर फट होती. चार दिवसांनी कारकुनांनी विचारलं, ही माझीच जागा का? आबा हात जोडून म्हणाले, "रावसाहेब, तुमी बसला की वारा आत यायचं नाव काढत न्हाई." ते इतके हसले की मोजणी संपल्यावरही एक दिवस जास्त राहिले.

उन्हाळ्यात सगळं उलट. चैत्र लागला की आबा माणसं पांगवत. एक जांभळीखाली, एक विहिरीच्या कडेला, चुलती मागच्या पडवीत. खिडकीला ओलं पोतं लावून ते स्वतः आतल्या जमिनीवर उघडे पडत. एखादा जाडा पाहुणा आला की त्याला पाणी-गूळ देऊन गोडीनं सांगत, आता आलात ते आलात, पण खरं म्हणजे दिवाळीनंतर या.

आईबाप गेल्यावर मला त्यांनीच वाढवलं. चौथीतून मी शाळा सोडली आणि मार खायच्या तयारीनं घरी आलो, तर म्हणाले, "बरं झालं. दुपारचं बी घर गार पडत व्हतं." एवढ्यावर विषय संपला. त्या उपकाराची फेड म्हणून कमवायला निघालो, तर तेच आडवे आले. शिवऱ्याच्या एका ओळखीच्या माणसानं ही नोकरी लावून दिली होती. आबा म्हणाले, "तू गेलास म्हंजी रोज दोन ढलप्या जास्ती लागणार. ह्याचा इचार केलास का?" मी मूर्ख. म्हणालो, पैसे धाडीन, लाकडं घ्या. ते उठून गोठ्यात गेले. राहा, असं त्यांना म्हणायचं होतं हे मला कळलं तेव्हा मी शेकडो कोस लांब होतो.

मागच्या आठवड्यात मास्तरांनी गाव सोडता सोडता लिहिलेलं पत्र आलं. चुलती गेल्याचं मला आधीच कळलं होतं. आता गावातली तरणी माणसं कामासाठी बाहेर पडली आहेत, मास्तरांचीही बदली झाली आहे. बाकी सर्व क्षेम. शेवटी एक ओळ होती: तुझे आबा हल्ली रोज संध्याकाळी शेगडी पेटवून बसतात.

ती ओळ वाचून मी हातातली लाकडं खाली ठेवली. तसाच साहेबापुढं जाऊन रजा मागितली. घरी कोण आजारी आहे, त्यानं विचारलं. कोणी नाही, मी माझ्या मोडक्या हिंदुस्थानीत म्हणालो, चुलत्यांनी शेगडी पेटवायला सुरुवात केली आहे. साहेब भला माणूस. जरा विचार करून म्हणाला, मग चांगलंच आहे, म्हाताऱ्या माणसानं उबेत असावं. तू थंडी सरली की जा.

मी मान हलवली. थंडी सरल्यावर जाऊन मी आबांच्या काय उपयोगाचा, हे मला त्याच्या भाषेत सांगता येईना.